मायक्रोस्कोपीत नवी माणसं कशी घडवायची: नागपुरातल्या प्रयोगशाळांसाठी

आधी बुकिंगचं रजिस्टर काढा. विभागातला जो मायक्रोस्कोप सगळ्यांना हवा असतो त्याचं. गेल्या तीन महिन्यांतल्या प्रत्येक नोंदीसमोर चार गोष्टी लिहा: कोण बसलं, किती तास, दिवसाच्या कोणत्या वेळी, आणि त्या वेळी त्या व्यक्तीचा हात नॉबवर होता की ती मागे उभी राहून बघत होती. चौथा रकाना रजिस्टरमध्ये सापडत नाही. तो एकेकाला विचारून भरावा लागतो, आणि खरं चित्र त्यातूनच दिसतं.

मायक्रोस्कोपी हे हाताचं काम आहे. यंत्रावर तास घातल्याशिवाय नजर तयार होत नाही, आणि नजर तयार झाली नाही तर माणूस या क्षेत्रात राहत नाही. मुली नमुने कापतात, रंगवतात आणि तयार स्लाईड दुसऱ्याच्या हाती देतात. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी इंग्रजी मॅन्युअलपुढे गप्प बसतो. काटोल किंवा उमरेडहून रोज येणाऱ्याला संध्याकाळचा स्लॉट परवडत नाही. यातलं बरंचसं कोणी ठरवून केलेलं नसतं, तरी दोन वर्षांनी यंत्राजवळ ठरावीक घरांतून, ठरावीक शाळांतून आलेलीच माणसं उरतात. म्हणून मेंटॉरिंगचा कार्यक्रम आखताना पहिला प्रश्न एकच: यंत्रावरचे तास कोणाला मिळणार?

कोणाला घ्यायचं आणि कसं

सूचना मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्हींत लावा. विभागाच्या फलकावर लावाच, पण वसतिगृहात, लायब्ररीत, तालुक्याच्या कॉलेजांतल्या प्राध्यापकांच्या ग्रुपवरही पाठवा. ‘हुशार व होतकरू विद्यार्थ्यांनी संपर्क साधावा’ असं लिहिलंत तर ज्यांना आधीच कोणीतरी हुशार म्हटलंय तेच येतील. त्याऐवजी असं लिहा: ‘मायक्रोस्कोप आधी हाताळलेला नसला तरी चालेल. इंग्रजी बोलता आलं पाहिजे अशी अट नाही. सहा महिने, पंधरा दिवसांतून एकदा, दुपारी 2 ते 4. अर्जात फक्त दोन ओळी लिहा: तुम्हाला काय जवळून बघायचं आहे आणि का.’ दिवस आणि वेळ आधीच छापलेली असली की घरी परवानगी मागणं सोपं जातं.

निवड मुलाखतीने करू नका. अर्ध्या तासाचं काम द्या: कांद्याची पातळ साल काढून स्लाईड बनवायची, दहापटीच्या ऑब्जेक्टिव्हवर (नमुन्याजवळच्या भिंगावर) फोकस करायची, जे दिसलं ते पेन्सिलने काढायचं. आधी एकदा करून दाखवा, मग करायला सांगा. बघायचं ते चित्राकडे. ज्याने पुस्तकातली पेशी काढली त्यापेक्षा ज्याने हवेचा बुडबुडाही प्रामाणिकपणे काढला, त्याचं निरीक्षण चांगलं. आडनाव, गाव, वडिलांचा व्यवसाय यांतलं काहीही या टप्प्यावर विचारायची गरज नाही. जी माहिती लागत नाही ती विचारूच नये.

एका मेंटॉरकडे दोन, फार तर तीन जण. त्याहून जास्त झाले की सत्राचा वर्ग होतो आणि मागचा माणूस पुन्हा मागेच उभा राहतो. प्रत्येक शिकणाऱ्याला मेंटॉर मात्र दोन हवेत. एक यंत्राजवळचा, दुसरा करिअरबद्दल बोलणारा, आणि हा दुसरा त्याच्या पीएचडीच्या गाईडच्या हाताखालचा नसावा. गाईडबद्दलची अडचण गाईडच्याच माणसाला कोणी सांगत नाही.

यंत्राजवळच्या मेंटॉरसाठी विभागातल्या तंत्रज्ञाकडे आणि जुन्या लॅब असिस्टंटकडे आधी बघा. दिवा कधी बदलला, कोणतं ऑब्जेक्टिव्ह कोरडं असून तेलात बुडालं होतं, हे त्यांना ठाऊक असतं. त्यांचं नाव कार्यक्रमाच्या पत्रकात सर-मॅडमच्या नावांच्या शेजारी, तेवढ्याच अक्षरांत छापा आणि हे तास त्यांच्या कामाच्या वेळेत धरा.

पहिली भेट

पहिल्या भेटीत एक पानाचा कागद दोघांनी मिळून लिहायचा. त्यात चारच गोष्टी: सहा महिन्यांत शिकणाऱ्याला काय एकट्याने करता आलं पाहिजे, भेटी कोणत्या दिवशी, भेट चुकली तर कोण कोणाला किती दिवसांत कळवणार, आणि काय बोलणं दोघांतच राहणार. तारखा ठरवताना कॅलेंडर समोर ठेवा. दीक्षाभूमीवरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, ईद, पोळा, विद्यापीठाच्या परीक्षा, धानकापणीचे दिवस, हे सगळं आधीच टिपून घ्या. सुट्टीच्या दिवशी सत्र ठेवून मग ‘तू आला नाहीस’ म्हणणं अन्यायाचं आहे.

बोलायला सुरुवात होत नसेल तर ‘काही अडचण आहे का?’ असं विचारू नका, उत्तर ‘नाही सर’ असंच येतं. ‘मागच्या आठवड्यात यंत्राजवळ किती वेळ होतीस? कोणतं बटण तुला अजून कोणी दाबू दिलं नाही?’ असं विचारा.

यंत्राजवळची सत्रं

सगळ्या सत्रांना एकच नियम: हात शिकणाऱ्याचे, तोंड मेंटॉरचं. फोकस बिघडला तरी मेंटॉरने नॉबला हात लावायचा नाही. हा नियम पाळणं अनुभवी माणसाला जड जातं, कारण त्याला दोन सेकंदांत जमणारं काम समोर दहा मिनिटं अडलेलं दिसतं. तरीही थांबा.

पहिलं सत्र बसण्याचं. खुर्ची अशी हवी की मान न वाकवता डोळे आयपीसपर्यंत (डोळा लावायच्या भिंगापर्यंत) पोचतील. उंची कमी असलेल्यांसाठी पायाखाली पाट ठेवा. दोन आयपीसमधलं अंतर स्वतःच्या डोळ्यांप्रमाणे जुळवून त्याचा आकडा वहीत लिहायला लावा, म्हणजे पुढच्या वेळी अर्ध्या मिनिटात काम होतं. मग डायऑप्टर, म्हणजे दोन डोळ्यांतला फरक जुळवणारी कडी: ज्या आयपीसला फिरणारी कडी नाही त्या डोळ्याने आधी फोकस करायचं, नंतर दुसऱ्या डोळ्यासाठी फक्त कडी फिरवायची. हे न केल्याने डोकं दुखतं आणि विद्यार्थ्याला वाटतं की आपल्याला मायक्रोस्कोप झेपत नाही. चष्मा असलेल्यांनी चष्मा काढायचाच असं नाही. आयपीसवर चष्म्याचं चिन्ह असेल तर तो लावूनच बघता येतं, आणि सिलिंडरचा नंबर असेल तर लावूनच बघावं. व्हीलचेअर वापरणाऱ्यासाठी टेबलाखाली गुडघ्यांना सुमारे 70 सेंटिमीटर मोकळी उंची लागते. वाकणं शक्य नसेल तर कॅमेरा लावून स्क्रीनवर बघायची सोय करा. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा कायदा अशा वाजवी सोयी द्यायला सांगतो, पण कायद्याची आठवण करून द्यायची वेळ शिकणाऱ्यावर येऊ नये.

दुसरं सत्र कोहलर प्रकाशयोजनेचं, म्हणजे नमुन्यावर प्रकाश एकसारखा पाडण्याचं. 1893 साली आउगुस्ट कोहलर यांनी मांडलेली ही पद्धत आजही सगळ्या चांगल्या कामाचा पाया आहे, आणि रोज मायक्रोस्कोप वापरणाऱ्या अनेकांना ती कोणी दाखवलेलीच नसते. दहापटीचं ऑब्जेक्टिव्ह लावून रंगवलेली स्लाईड फोकस करा. दिव्याजवळचा फील्ड डायफ्रॅम (प्रकाशाची उघडझाप होणारी झडप) जवळजवळ बंद करा. कंडेन्सर (नमुन्याखालचं, प्रकाश एकवटणारं भिंग) वर-खाली करत त्या डायफ्रॅमच्या कडा धारदार दिसेपर्यंत आणा. बाजूच्या दोन स्क्रूंनी प्रकाशाचा ठिपका मध्यभागी घ्या. मग कडा दृश्याच्या जेमतेम बाहेर जातील एवढाच डायफ्रॅम उघडा. आता एक आयपीस काढून नळीत बघा आणि कंडेन्सरचा डायफ्रॅम नळीत दिसणाऱ्या उजेडाच्या वर्तुळाचा 70 ते 80 टक्के भाग उघडा राहील इतका ठेवा. ऑब्जेक्टिव्ह बदललं की दोन्ही डायफ्रॅम पुन्हा जुळवायचे.

नेमकी चूक कुठे होते? प्रकाश डोळ्याला जास्त वाटला की विद्यार्थी कंडेन्सरचा डायफ्रॅम बंद करतात. चित्र ठळक दिसतं, म्हणून बरं वाटतं, पण बारीक तपशील जातो आणि कडांभोवती काळ्या रेषा येतात, ज्या नमुन्यात नसतातच. उजेड कमी करायचा तो दिव्याच्या नॉबने किंवा फिल्टरने. कॉलेजातल्या साध्या मायक्रोस्कोपला फील्ड डायफ्रॅम नसतो. तिथे दिव्याच्या काचेवर पेन्सिलचं टोक धरा आणि ते नमुन्यासोबत स्पष्ट दिसेपर्यंत कंडेन्सर हलवा. एवढ्यानेही कंडेन्सरची उंची बरोबर येते. तालुक्याच्या कॉलेजमधून आलेल्यांना हे नक्की दाखवा, कारण परत गेल्यावर त्यांच्यासमोर तोच मायक्रोस्कोप असणार आहे.

तिसऱ्या सत्रात मोजमाप. यासाठी आपल्या भागातला सगळ्यात सोपा नमुना कापसाचा धागा. आयपीसमधल्या पट्टीला स्वतःचं माप नसतं, ते स्टेज मायक्रोमीटरवरून (बारीक खुणा कोरलेल्या स्लाईडवरून) काढायचं. स्टेज मायक्रोमीटरवर 1 मिलिमीटरचे 100 भाग असतात, म्हणजे एक भाग 10 मायक्रॉन. चाळीसपटीवर आयपीसचे 80 भाग जर स्टेजच्या 20 भागांवर बसले, तर 200 मायक्रॉनला 80 भाग, म्हणजे एक भाग 2.5 मायक्रॉन. प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसाठी हा हिशेब वेगळा करून यंत्रावर चिठ्ठी चिकटवा. मग कापसाचे तंतू सुटे करून लिक्विड पॅराफिनमध्ये ठेवा. पाण्यात ठेवले तर ते फुगतात आणि माप चुकतं. कापसाचा तंतू चपट्या, पिळलेल्या फितीसारखा असतो, त्यामुळे पिळाच्या जागी तो अरुंद दिसतो. माप दोन पिळांच्या मधे घ्यायचं, आणि वीस वेगवेगळ्या तंतूंचं. तीन विद्यार्थ्यांची सरासरी वेगळी आली तर पट्टी, जागा, फोकस यांतलं काय वेगळं होतं ते त्यांनाच शोधू द्या. या एका सत्रातून संशोधनाची जेवढी शिस्त लागते तेवढी चार व्याख्यानांतून लागत नाही.

चौथं सत्र तेलाचं आणि सफाईचं. शंभरपटीच्या ऑब्जेक्टिव्हला एक थेंब तेल पुरे. तेल लावल्यानंतर चाळीसपटीचं कोरडं ऑब्जेक्टिव्ह त्यावरून फिरवायचं नाही, कॉलेजांत चाळीसपटीची ऑब्जेक्टिव्ह धूसर होतात ती बहुतेक याच चुकीने. सिडारवुड तेल तसंच राहिलं तर भिंगावर वाळून घट्ट होतं, म्हणून काम संपताच लेन्स पेपरने टिपून घ्या. ओढणी, रुमाल, कापूस चालणार नाही. झायलीन अगदी थोडं आणि क्वचित, कारण भिंग बसवलेला गोंद त्याने सुटू शकतो. याच सत्रात भेदनक्षमता समजावून द्या: तरंगलांबीला न्यूमेरिकल ॲपर्चरच्या (ऑब्जेक्टिव्ह किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतं त्या आकड्याच्या) दुपटीने भागायचं. हिरवा प्रकाश 550 नॅनोमीटर धरला तर 0.65 ॲपर्चरचं ऑब्जेक्टिव्ह सुमारे 0.42 मायक्रॉनपर्यंत आणि 1.25 चं सुमारे 0.22 मायक्रॉनपर्यंत दोन ठिपके वेगळे दाखवतं. नुसतं मोठं करून नवीन काही दिसत नाही, हे इथे आकड्यांनिशी कळतं.

पाचव्या सत्रापासून कॅमेरा आणि प्रतिमा. लाल आणि हिरवा एकत्र दाखवलेली फ्लुओरेसन्सची (प्रकाश पडल्यावर चमकणाऱ्या रंगांची) चित्रं रंगांधता असलेल्यांना वाचता येत नाहीत. लाल-हिरव्याची जन्मजात रंगांधता पुरुषांत जास्त असते, कारण तिचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मॅजेंटा आणि हिरवा वापरा आणि प्रत्येक चॅनल वेगळा, काळ्या-पांढऱ्यात द्या. रंग ओळखायला जड जातो म्हणून कोणाला गटातून काढू नका. ग्रॅम स्टेनसारख्या, जिवाणू रंगवून ओळखायच्या कामात गुलाबी-जांभळा ठरवताना दुसऱ्याची नजर सोबत घ्यायची, एवढंच. फिजी हे प्रतिमा तपासायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. लॅपटॉप नसलेल्यांसाठी विभागातला एक संगणक आठवड्यातले ठरावीक तास राखून ठेवा.

भाषेबद्दल एक गोष्ट सगळ्या सत्रांना लागू आहे. संकल्पना आधी मराठीत किंवा हिंदीत समजावा, नोंद मग इंग्रजीत लिहू द्या. समजलं का हे तपासायचं तर शिकणाऱ्यालाच ती गोष्ट त्याच्या बोलीत समोरच्याला सांगायला लावा. गोंदिया-गडचिरोलीकडून आलेल्या ज्यांच्या घरी गोंडी बोलतात त्यांना मराठीही दुसरी भाषा असू शकते, हे ध्यानात ठेवून सावकाश बोला.

कूलर, पाऊस आणि भिंगं

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा 45 च्या वर गेला की कोणीतरी मायक्रोस्कोपच्या खोलीत कूलर लावतं. ते करू नका. कूलर ओली हवा फेकतो, त्यात पाण्याचे कण आणि धूळ असते, आणि पुढे पहिल्या पावसापासून पोळ्यापर्यंत तशीच दमट हवा राहते. भिंगावर बुरशी धरते ती अशी. तिच्या आम्लाने काचेवरचा लेप खराब झाला की सफाई करूनही डाग जात नाही. खोलीतली आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास ठेवा, साधा हायग्रोमीटर भिंतीवर लावा. एसी नसेल तर ऑब्जेक्टिव्ह काढून सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात ठेवा. निळी जेल गुलाबी झाली की सुमारे 110 अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येते. हायग्रोमीटरचा आकडा लिहिण्याचं काम पाळीपाळीने सगळ्यांना द्या. सफाई, चहा, मिटिंगच्या नोंदी ही कामं मुलींकडेच जात असतील तर पाळीचा तक्ता भिंतीवर लावा आणि त्यात मेंटॉरचंही नाव घाला.

वेळ, अंधारी खोली, रसायनं

कॉन्फोकल (लेझरने थराथराने चित्र घेणारा) आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे दिवसाचे स्लॉट ज्येष्ठांकडे जातात, नवख्यांना रात्रीचे मिळतात. वसतिगृहाचं गेट आणि शेवटची बस किंवा मेट्रो यांचा विचार केला तर रात्रीचा स्लॉट अनेक मुलींसाठी नसल्यासारखाच असतो. उपाय: आठवड्यातले दिवसाच्या वेळेतले किमान चार तास शिकणाऱ्यांसाठी राखून ठेवा आणि बुकिंगच्या पानावर तसं छापा. रात्री थांबावंच लागलं तर दोघं थांबा, आणि परतीची गाडी आधी ठरवा.

फ्लुओरेसन्सची खोली अंधारी असते. तिथे एकास एक प्रशिक्षण बंद दाराआड देऊ नका. दोन शिकणारे एका वेळी घ्या, किंवा दाराला काचेची खिडकी बसवून तिच्यावर आतून लाल फिल्टर लावा. डोळा कुठे लावायचा ते दाखवताना, नॉब समजावताना स्पर्श न करता सांगायचं, हे मेंटॉरना आधीच सांगून ठेवा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार संस्थेत अंतर्गत समिती असते. तिच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर त्याच खोलीच्या दारावर लावा.

रसायनांची यादी पहिल्याच दिवशी सगळ्यांना द्या: फॉर्मल्डिहाइड, ग्लुटराल्डिहाइड, झायलीन, ऑस्मियम टेट्रॉक्साइड, युरेनिल ॲसिटेट, आणि प्रत्येकासमोर धोका. गरोदर असलेल्या किंवा होऊ इच्छिणाऱ्या बाईला मग कोणाला काही न सांगताही स्वतःचं ठरवता येतं. तिने सांगितलं तर नमुने बनवण्याचं काम दुसऱ्याकडे द्या, यंत्रावरचे आणि विश्लेषणाचे तास मात्र तिचे तिलाच ठेवा. हातमोजे लहान मापाचेही मागवा. सैल हातमोज्यात मायक्रोटोमचं (नमुन्याचे पातळ काप करायच्या यंत्राचं) पातं धरणं धोक्याचं आहे.

पैसा आणि पुढची वाट

महागडं यंत्र आपल्याकडे नसेल तर आय-स्टेम या राष्ट्रीय पोर्टलवर सरकारी पैशातून घेतलेली देशभरातली यंत्रं शोधता आणि बुक करता येतात. शिकणाऱ्याला सोबत बसवून नोंदणी करून घ्या. फेलोशिपचंही तसंच. इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठीची महाज्योती ही राज्य सरकारची संस्था तर नागपुरातच आहे; अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय फेलोशिप. करिअरमध्ये खंड पडलेल्या बायकांसाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची वाइज-किरण योजना आहे. अर्ज अडतात ते बहुधा जात पडताळणी किंवा उत्पन्नाच्या दाखल्यावर, म्हणून जाहिरात यायच्या आधीच कागद जमवायला सांगा.

करिअरचं बोलताना फक्त पीएचडीचं बोलू नका. नागपुरात मायक्रोस्कोपवर चालणारी कामं पुष्कळ आहेत: मेडिकल, मेयो आणि एम्स या रुग्णालयांतलं पॅथॉलॉजी, केंद्रीय कापूस संशोधन संस्था, लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था, नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था, व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेतलं धातूशास्त्र, वाडीचं ॲल्युमिनियम संशोधन केंद्र, भारतीय खाण ब्युरो आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणातलं खडकांच्या पातळ कापांचं काम, न्यायवैद्यक प्रयोगशाळा. शिवाय यंत्रांचे सर्व्हिस इंजिनिअर आणि प्रतिमा विश्लेषक. दोन महिन्यांतून एकदा यातल्या एका ठिकाणी नेऊन तिथल्या तंत्रज्ञाशी बोलू द्या. आदर्श दाखवायचे तर जानकी अम्मल यांचं काम दाखवा: 1897 साली जन्मलेल्या या शास्त्रज्ञ बाईंनी मायक्रोस्कोपखाली वनस्पतींची गुणसूत्रं मोजली आणि सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासोबत 1945 साली पिकांच्या गुणसूत्रांचा ॲटलास काढला.

श्रेय

चित्र ज्याने घेतलं त्याचं नाव फाईलच्या नावात, स्लाईडवर आणि पोस्टरवर यायला हवं. पेपरमध्ये लेखक म्हणून की आभारात, हे काम सुरू व्हायच्या आधी बोला आणि त्या पहिल्या कागदावर लिहून ठेवा. शिफारसपत्रात ‘कष्टाळू, मनमिळाऊ’ लिहून भागवू नका. मुलींच्या पत्रांत हे शब्द जास्त येतात. ‘कोहलर जुळवणी एकटीने करते, 63 पटीच्या तेल ऑब्जेक्टिव्हवर स्वतंत्रपणे झेड-स्टॅक (वेगवेगळ्या खोलीवरच्या चित्रांची मालिका) घेते, फिजीत मॅक्रो लिहिते’ असं लिहा.

सहाव्या महिन्यात रजिस्टर पुन्हा काढा आणि तेच चार रकाने नव्याने भरा. ज्याच्या नावापुढे अजूनही ‘बघत होता’ किंवा ‘बघत होती’ असं येतं, त्याच्या पुढच्या दोन सत्रांत मेंटॉरने खोलीबाहेर बसावं, आणि त्याला किंवा तिला पुढच्या तुकडीतल्या एका नवख्याला कोहलर शिकवायला सांगावं.